तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द

प्रिय हौसा,

मागच्या बाकावरून आलेली तुझी कुजबूज अजून कानात आहे. शाळातपासणीला साहेब आले होते. कविता म्हणताना मी तिसऱ्या कडव्याला अडकलो आणि तू हळूच पहिला शब्द सांगितलास. पुढचं सगळं मग आपोआप चालीत आलं. त्याबद्दल छडी मात्र तू खाल्लीस.

अडतीस वर्षं मी बँकेचा वकील आहे. तुझ्या लेकाची फौंड्री बुडाली. तिच्या कर्जाला तू गडमुडशिंगीचं राहतं घर तारण दिलं होतंस. त्या घराचा ताबा घेण्याची नोटीस मीच लिहिली, आणि माझ्याच हातून तिच्यात गट नंबर चुकला. तुझ्याऐवजी शेजाऱ्याचा पडला. हरकतीची मुदत उद्या पाचला संपते. तू या एकाच चुकीवर बोट ठेवलंस, तरी नोटीस रद्द होईल आणि घर निदान वर्षभर वाचेल.

पण समोरच्या पक्षकाराला वकिलानं असं कळवायचं नसतं. म्हणून हे पत्र टपालात पडणार नाही. एक शब्द सांगायचा आहे, हौसा, आणि तोच मला सांगता येत नाही.

तुझा, आणि बँकेचाही,
नृसिंह

ता. क. फाटक वाजलं म्हणून खिडकीतून पाहिलं. काठी टेकत तूच आली आहेस, हातात नोटीस घेऊन.

"नरशा, दार उघड की! ह्यो कागद तूच लिवलाईस न्हवं? मग तूच वाचून दाखव. मला ह्यातलं एक अक्षर कळंना झालंय."