टिकटिक नसलेलं चाक

८ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. पुढे चरित्र लिहिणाऱ्याची सोय.
सर्जेरावसाहेबांनी नव्या हँडव्हीलचं डिझाइन माझ्याकडे सोपवलं. (चरित्रकारासाठी खुलासा: संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचं कापायचं टूल हाताने जरा जरा सरकवायचं छोटं चाक. एक टिक वाजली की टूल मिलिमीटरचा शंभरावा भाग पुढे.) पुण्याची कंपनी २७ तारखेला आमच्या वाळूजच्या वर्कशॉपमध्ये ट्रायल घेणार. पास झालं तर ऑर्डर, आणि मी डिझाइन हेड. नापास झालं तर काय, तेही साहेबांनी सांगितलं. ते लिहीत नाही.
संकल्प: तीन दिवस खाली मशीनवर ऑपरेटरांसोबत काढणे.

९ सप्टेंबर
खाली गेलो नाही. बूट नवे आहेत, आणि तिथे कूलंटचं तेलकट पाणी सांडलेलं असतं.

११ सप्टेंबर
सुचलं! टिकटिकच काढून टाकायची. जुनाट आवाज. माझं चाक लोण्यासारखं फिरणार. आकडे काय, स्क्रीनवर दिसतातच.
संध्याकाळी बायकोला सांगितलं. संध्या म्हणाली, पंख्याचं बटण मी लाइट न लावता तीनवर आणते ते टक-टक मोजूनच. टक नसेल तर हाताला कळणार कसं? मी हसलो. पंखा वेगळा, प्रिसिजन वेगळी.

१५ सप्टेंबर
पुंजाराम केबिनमध्ये आला. बावीस वर्षं मशीनवर आहे. म्हणाला, साहेब, येकदा खाली या, हात लावून बघा, लई फरक पडतो. येतो म्हणालो. माणूस नम्र आहे, पण डिझायनरला असं सुचवणं बरं नव्हे. खाली एसी नाही.

१९ सप्टेंबर
व्हिजिटिंग कार्डं छापून आली. ‘डिझाइन हेड’. दोनशे. संध्या म्हणाली, आधी पास तर व्हा. घरात सकारात्मकता कमी.

२४ सप्टेंबर
सॅम्पल आलं. केबिनमध्ये तासभर फिरवलं. आवाज शून्य. साहेबांनी विचारलं, ऑपरेटरांना दाखवलं का? फीडबॅक घेतलाय म्हणालो. पुंजाराम वर आला होता, म्हणजे घेतलाच की.

२७ सप्टेंबर, दुपारी ४
ट्रायल.
पुण्याहून अपेक्षा मॅडम आल्या. मशीनवर पुंजाराम. त्याने नजर टूलच्या टोकावर रोवली, चाक फिरवलं आणि थांबला. म्हणाला, किती गेलं ते कळंना. स्क्रीन बघा, म्हणालो. तो म्हणाला, टोकावरून डोळा काढला की टोक गेलं. मोजायचं काम बोटाचं हाय, साहेब. मी म्हणालो, फिरवा तुम्ही, आकडे मी वाचतो.
मी चष्मा शोधेपर्यंत टोक जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या लोखंडात, घुसलं. काडकन. चूक सर्वस्वी चष्म्याची.
मॅडमनी विचारलं, ज्यांनी डिझाइन केलंय ते किती दिवस मशीनवर उभे होते? मी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते वाचून साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे.
मंगळवारपर्यंत मुदत.

३० सप्टेंबर
पुंजारामने जुन्या चाकातली टिक वाजवणारी स्प्रिंग आणि छर्रा काढून माझ्या चाकात बसवला. पाऊण तास लागला. ट्रायल पास. ऑर्डर मिळाली. तसं पाहिलं तर डिझाइन माझंच, फक्त थोडा आवाज वाढला.
खरं तर लाज वाटली. इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
शॉपमध्ये हत्यारांची पूजा. ज्याने त्याने रोज हातात असतं ते मांडलं: पाने, हातोड्या, मायक्रोमीटर. मी माउस ठेवला. कुंकू लावता लावता पुंजारामचं बोट माउसपाशी थांबलं. त्याने विचारलं, साहेब, हे कुणाचं? सर्जेरावसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवून तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं, हे आता सहा महिने पुंजारामच्या हाताखाली.
प्रसादाचं खोबरं रुमालात बांधून घरी नेलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
मशीनवर पहिला दिवस. बूट गेले. पुंजाराम म्हणाला, नजर टोकावर ठिवा अन् धा टिक पुढं घ्या. मी नीट दहा मोजल्या. बारा झाल्या होत्या. तो हसला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, व्हईल सवय, पर रोज किती चुकलं ते लिहून ठिवत जा.
खिशात कागद नव्हता. कार्डं होती. मागची बाजू कोरी आहे, एकशे नव्याण्णव दिवस पुरतील.