नभोमंडळातील सुवर्णपद

सापगाव, ता. शहापूर
७ सप्टेंबर २००३

स्वस्ति श्री अखिलांतरिक्षसंचारधुरंधरा, मेघमालामर्दिनी, बिस्किटवेष्टनयंत्रचिकित्सिका, आमच्या ज्येष्ठ भगिनीची एकुलती एक कन्या चि. योगिनी हीस, सापगाव विद्यालयाचे भूगोलाध्यापक व नकाशांच्या कपाटाचे एकमेव किल्लीधारक भगीरथमामा यांचे अ. उ. आ.

तुझे पत्र पावले. अनेक विमान कंपन्या मिळून एक संघ करतात, त्यांतील कोणत्याही विमानात बसले तरी मैल एकाच खात्यात पडतात आणि वर्षभरात पुरेसे मैल जमले की प्रवाशास सुवर्णपद प्राप्त होते, हे ज्ञान मला या वयात झाले. तू मात्र निम्मे मैल एका संघात आणि निम्मे दुसऱ्यात टाकलेस. म्हणजे दोन्हीकडे सामान्य जनता. गुणाताईला, म्हणजे तुझ्या आईला, हे समजावून सांगितले, तेव्हा तिने विचारले, पोरगी आभालात पन रांगेतच उभी हाय का?

हे पद तुला कशासाठी हवे, ते तू लिहिले नाहीस. मला ठाऊक आहे. गेल्या नाताळात तुझे बाबा, आमचे कमळूभावजी, गेले आणि भरलेल्या विमानांमुळे तू चौथ्या दिवशी पोचलीस. त्यावर अधिक लिहीत नाही.

निर्णय भावजींच्या पद्धतीने करावा. म्हसा गावच्या जत्रेत बैल घेताना लोक त्याची रंगवलेली शिंगे आणि झूल पाहत. भावजी त्याला बाजाराबाहेर नेत, ओढ्यातल्या दगडांवरून चालवत. आपल्या शेताची वाट तशीच आहे, असे म्हणत. तुझ्या पहिल्या संघाकडे विमानतळावर गालिचे, स्नानगृहे आणि सतरा प्रकारचे चीज आहे. ती झूल. दुसऱ्याची विमाने मुंबईस रोज उतरतात, आणि विमान भरलेले असले तरी सुवर्णपदस्थाचे नाव प्रतीक्षायादीत सर्वांच्या वर जाते. तो ओढा. गालिचा सोडावा, असे अस्मादिकांचे मत.

आमच्यावरील माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा भगीरथमामा

•

श्टुटगार्ट
२८ सप्टेंबर २००३

ती. मामांस योगिनीचा शि. सा. न.

तुमच्या बिरुदावलीला पाकिटावर जागा पुरली नाही हे बरेच झाले. नाहीतर इथल्या पोस्टमनने मला राजघराण्यातली समजून हार घातला असता.

मामा, तुम्ही ओळखलेत. मी तक्ते केले होते, दोन्ही संघांचे नियम पाठ केले होते, आणि खरे सांगते, गालिच्याकडे माझा कल झुकला होता. यंत्रे दुरुस्त करून दर खेपेला दमून उतरते, आंघोळ मिळाली तर बरे वाटते. पण बाबा ओढ्याच्या काठी उभे राहून बैलाचे पाय बघताहेत, हे डोळ्यांसमोर आले आणि फॉर्म भरून टाकला. पहिल्या संघातले मैल बुडाले. दुसऱ्यात अजून अकरा हजार हवेत, तेही ३१ डिसेंबरच्या आत. मग वर्ष पुन्हा शून्यापासून. म्हणून ब्राझीलमधले एक बंद पडलेले यंत्र, जिथे जायला इथे कुणीच तयार नव्हते, ते मी मागून घेतले आहे. साहेबांना वाटते मी फार कष्टाळू आहे.

आईला यातले काही सांगू नका. जमले नाही तर ती उगाच वाट पाहत बसेल.

तुमचा हात डोक्यावर राहू द्यावा.

तुमची योगिनी

•

सापगाव
१८ जानेवारी २००४

स्वस्ति श्री सुवर्णपदविभूषिता, प्रतीक्षायादीशिरोमणी चि. योगिनी हीस भगीरथमामाचे अ. उ. आ.

तू श्टुटगार्टला सुखरूप पोचल्याचे कळले. गुणाताई आता काठी धरून पडवीपर्यंत चालते आणि वाटेत भेटेल त्याला चुका दाखवते. प्रकृती सुधारत असल्याचे हे निश्चित लक्षण आहे.

एक गोष्ट तू इथे असताना बोलता आली नाही. २२ डिसेंबरला ती खळ्यावर घसरली आणि खुब्याचे हाड मोडले, तेव्हा कल्याणच्या इस्पितळात तिने माझा हात धरून सांगितले, “भगीरथ, तिला कलवू नको. या दिवसांत तिला जागा नाय गावनार, नि ती तिकडं एकटीच रडत बसंल.” मी तिची आज्ञा मोडली. विमान भरलेले आहे आणि प्रतीक्षेत सदतीस माणसे आहेत, असे तू फोनवर म्हणालीस. गुणाताईपासून मी हे लपवले. चोवीस तारखेला सकाळी तिला शस्त्रक्रियेला न्यायच्या आधी तू दारात उभी होतीस. तिने तुझ्याकडे एकदा पाहिले, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हिला आधी कायतरी खायाला दे.” आणि तिला आत नेले.

सव्वीस वर्षे मी मुलांना दोन शहरांमधील अंतर मोजायला शिकवले. ब्राझीलला जाऊन सापगाव जवळ आणता येते, हे मात्र कुठल्याही नकाशावर मला आढळले नव्हते. तुझ्यापुढे मी नम्र आहे. हे वाक्य कोणास दाखवू नये.

स्नेहाचे खाते असेच चालू ठेवावे.

तुझा भगीरथमामा

ता. क. सुवर्णपदस्थांना वीस किलो अधिक सामान नेता येते म्हणून गुणाताईने खाटेवरून हुकूम सोडून तुझी पेटी तांदूळ, नाचणीचे पापड आणि सुकटीने भरवली, व ती तोलण्यास गिरणीवाल्या सुदामचा ताणकाटा आणवला होता. तो घरात कोठेही सापडत नाही. तुझ्या तांदळात पाहावे. सुदाम रोज सकाळी येतो, काटा मागत नाही, आणि कालपासून चहाही उभ्यानेच घेतो.