आपल्या इमारतींचं खरं वय

सेमारांग,
१२ ऑगस्ट

प्रिय प्रमुदादा,

जाकार्तात सगळे खुशाल असाल. वहिनीला सलाम, मुलांना पापा. आईचा गुडघा बरा आहे, आता जिनासुद्धा चढते. भरतीचं पाणी परवा पुन्हा बाजारात शिरलं. उकाड्याचं तर विचारूच नकोस.

तुझे फोन मी मुद्दाम घेतले नाहीत. तू आवाज चढवतोस, मला रडू येतं, आणि तुला वाटतं तू जिंकलास. म्हणून लिहिते.

संस्थेतल्या बैठकीचं तुझ्या कानावर आलंच आहे, पण अर्धवट. पाच देशांतल्या इमारती शेजारी शेजारी ठेवायच्या आणि सिमेंट भाजण्यापासून शेवटचा राडारोडा उचलेपर्यंत कुठली किती कार्बन हवेत सोडते ते मांडायचं, हे आमचं काम. आपल्याकडून निवडला होता तुझाच काचेचा टॉवर. बंदर-कामगारांची जुनी इमारत पाडून तू बांधणार आहेस तो.

आमचे प्रकल्पप्रमुख लुक्मान सर म्हणाले, "सगळ्याच इमारती पन्नास वर्षं टिकतील असं धरू."

मी उभी राहिले. "सर, फिनलंडवाल्यांच्या टिकतात, त्यांनी धरावं. आपल्याकडे पंचविशी आली की हातोडा पडतो. आणि टॉवरसाठी जी धडधाकट इमारत पाडणार, तिचा हिशोब कुणाच्या नावावर?"

"अगं वेनिंग, पाहुण्यांसमोर देशाची अब्रू काढतेस?"

"मग अब्रू झाकायला खोटं वय लावू?"

शेवटी फिनलंडच्या बाईच म्हणाल्या, दोन्ही गणितं छापा. छापली. खरं वय धरून दर वर्षामागचा कार्बन काढल्यावर आपण पाचांत सगळ्यात वाईट ठरलो. जुनी इमारत मात्र, जाड भिंती, समोरासमोर खिडक्या, दुरुस्त करून वापरली तर तुझ्या टॉवरच्या निम्म्यावरही जात नाही. तुझं हरित प्रमाणपत्र अडलं ते यामुळे. म्हणजे माझ्यामुळे. माफी मागणार नाही.

सरांनी मला प्रकल्पातून काढलंय. आत्याला सांगू नकोस, उगाच रडेल.

पाठवलेल्या निरोपात तू मला घरभेदी म्हणालास. त्या इमारतीला खुराडं म्हणालास. दादा, त्या खुराड्यात माणसं नुसत्या पंख्यावर गाढ झोपतात. तुझ्या काचेत एक दुपार वीज गेली, तर माणूस उकडून निघेल.

मला हे कसं माहीत, असं विचारशील. तुला वाटतंय, आई सोलोला आत्याकडे आहे. नाही. गेल्या महिन्यापासून आम्ही दोघी त्याच इमारतीत राहतो, दुसऱ्या मजल्यावर, रीतसर भाड्याने. मी आईला नको म्हणत होते. ती म्हणाली, "तुझं गणित मला कळत नाही. पण माझा पोरगा लोकांची राहती घरं पाडतो, हे मला बघवत नाही." संध्याकाळी व्हरांड्यात शेजारणींबरोबर टोफू तळत बसते आणि मला चिडवायला तुझंच कौतुक सांगते.

तुझ्या कंपनीची नोटीस मिळाली. इथलं कुणीही जाणार नाहीये.

तू ये. एकटा ये. दुरुस्तीचा आराखडा मी काढलाय, त्यावर माझ्याशी हवं तेवढं भांड; तुझ्याइतकं बांधकाम मला कळत नाही, हे मी कबूल करते. पण यंत्रं घेऊनच यायचं ठरवलं असशील, तर आईला "खाली उतर" असं तूच तोंडाने सांग. मी सांगणार नाही.

इथून न हलणारी,
तुझी सख्खी बहीण
वेनिंग