गादीखालचं पाकीट

डोंबिवली, रविवार, ११ डिसेंबर १९९४

किळस आलीय सगळ्याची. छातीच्या ऑपरेशननंतरचा माझा दुसरा स्कॅन उद्या होता. यांनी परस्पर तीन महिने पुढे ढकलला. का, तर आज सुमीला बघायला कल्याणची मंडळी यायची होती. म्हणे, "मुलीच्या आईला कॅन्सर म्हटल्यावर स्थळ गेलंच. लग्न उरकू दे, मग बघू."

मागच्या स्कॅनच्या फिल्मचं मोठं पाकीट यांनी दिवाणाच्या गादीखाली सरकवलं. मुलाची आई नेमकी तिथेच बसली. पोह्यांची बशी घ्यायला ती वाकली की खालून फिल्म कुरकुरायची. आणि मी हसतेय!

"घरात कुणाला काही आजार?" तिने विचारलंच. यांच्या आधी मीच म्हणाले, "छे हो!" केवढी ती घाई!

मंडळी गेल्यावर पाकीट काढलं. फिल्मला मधोमध घडी पडलीय. हे खुशीत, "बघ, कळलं का कुणाला?" ऐकवेना.

पण यांना एकट्याला काय बोलू? तारीख पुढे गेली म्हणून परवा मी केवढी भांडले. आतून मात्र सुटल्यासारखं वाटलं होतं. तीन महिने तरी काही कळणार नाही.

पाकीट परत गादीखाली मीच ठेवलं.