तुडुमाचा दांडा कोणाकडे राहील याविषयी

मी, गोवर्धन वल्द उदाराम लंजे, वय पन्नाशीच्या आसपास, धंदा शेती, राहणार मौजे बेलटोला, केशोरीजवळ, तहसील साकोली, जिल्हा भंडारा, मध्य प्रदेश, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्या दाबाखाली न येता लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, छाती नाही. गोंदियाच्या डॉक्टरांनी पुढच्या धानरोवणीपर्यंतची खात्री दिलेली नाही. नशापाणी केलेले नाही. भीती मात्र वाटते आहे, आणि भ्यालेल्या माणसाचे मृत्युपत्र चालत नाही असे कायद्यात असेल तर ते मला कोणी सांगितलेले नाही.

कलम १. राहते घर, बैलजोडी, गाय, भांडीकुंडी आणि कोठीतले धान पत्नी वच्छला हिला. आम्हाला मूल नाही. पुतण्या खुशाल याचे आईबाप तो रांगत असताना गेले, तेव्हापासून तो वच्छलेच्या हातचे खाऊन वाढला.

कलम २. गावाकडच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते, नांगर आणि माझी सायकल खुशालला. तो मेहनती आहे, बोलका आहे, दारूला शिवत नाही. पुढे मी त्याच्याविषयी वाईट लिहिणार आहे, म्हणून हे आधी लिहिले.

कलम ३. माझी पलटणीतली शिट्टी हल्ली खुशालच्या गळ्यात असते. ती परत घ्यावी आणि वच्छलेने तिचा उपयोग कोंबड्या हाकायला करावा. त्या कामाला ती उत्तम आहे.

कलम ४. आता मुख्य गोष्ट. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी, माझी एक बांधी आहे. तलावाचे पाणी सोडायचे दार, म्हणजे तुडूम, तिच्या कोपऱ्यावर येते. तुडूम ज्याने उघडतो तो सागवानी दांडा आजोबांपासून आमच्या घरी आहे. मालगुजारी गेली, मालगुजार जमीनदार गेले, दांडा राहिला. रीत अशी की सगळे पाळीवर जमायचे आणि ज्याची बांधी सगळ्यात शेवटी, जिथे पाणी पोचेल की नाही याची शंका, त्याने मोठ्याने "उघडा" म्हणायचे. तो म्हणेपर्यंत दांड्याला हात लावायचा नाही. शेवटची बांधी जंगलाकडच्या पतिराम मडावीची आहे. तो कधी उशिरा यायचा, कधी भांडण उकरायचा, आणि सगळे उन्हात ताटकळायचे. मीही त्याला मनात शिव्या दिल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी खुशालने पोरांचे शिस्त दल काढले. गोंदियाहून एकाच ताग्याचे कापड आणून सगळ्यांना सारखे सदरे शिवले. शिट्टी वाजली की तुडूम उघडे, शिट्टी वाजली की बंद. ताटकळणे संपले. गाव खूश झाले आणि पतिरामला विचारणे कोणाच्या लक्षातच राहिले नाही. मग खुशाल सांगू लागला की पाणी कमी पडते ते जंगलाकडचे लोक चोरतात म्हणून. चोर कोणी पकडला नाही, पण नाव पक्के झाले. यंदा आश्विनात दांडाही तो आमच्या घरातून आपल्याकडे घेऊन गेला. मी तेव्हा अंथरुणावर होतो.

मी त्याला बोलावून इटलीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "काका, कोठं ते इटली अन् कोठं आपला टोला! तुमी उगाच भेऊन राहिले."

असेन भीत. पण मी पाहिलेले लिहून ठेवतो. मागच्या महायुद्धात मी पलटणीची लॉरी चालवायचो. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला गेलो आणि कैदी म्हणून इटलीत पोचलो. तिथले सरकार शरण गेले तेव्हा पहारेकरी पळाले, मग आम्हीही पळालो. उत्तरेकडे धानाचा मुलूख आहे, बाया आपल्यासारख्याच वाकून रोवणी करतात. तिथल्या बेप्पे नावाच्या शेतकऱ्याने मला गवताच्या माळ्यावर लपवले. कैदेत त्यांची भाषा थोडी शिकलो होतो, ती कामी आली.

बेप्पे सांगायचा, पहिल्या महायुद्धानंतर तिकडे काम नव्हते, महागाई होती, मजुरांचे संप होते आणि जमीनदार घाबरलेले होते. तेव्हा काळे सदरे घातलेली पोरे आली. त्यांनी संप मोडले आणि लोक म्हणाले, बरे झाले, कोणीतरी शिस्त लावतो आहे. बेप्पेही म्हणाला. मग जो उलट बोलेल त्याला धरून ते भर चौकात एरंडेल पाजू लागले. मग लोकांनी निवडलेली पंचायत गेली आणि वरून नेमलेला एकच माणूस आला. मग छापखान्यातून एकच आवाज निघू लागला. शेजारच्या जर्मनीत याच वाटेने माणसे गाड्यांत कोंबून मारायला नेली. याला ते फॅसिझम म्हणतात. प्रत्येक पायरीवर लोकांना वाटत होते, एवढ्याने काय होते.

मी विचारले, तुला कधी कळले? तो म्हणाला, गावच्या मास्तरला एरंडेल पाजले तेव्हा चौक हसला. हसू कोणालाच येत नव्हते. न हसणारा दिसला तर उद्या त्याची पाळी, म्हणून सगळे हसले, आणि मीही हसलो.

यंदा पतिरामचे धान लोंबीवर असताना वाळले. तो पाळीवर येऊन विचारत होता, "मले न इचारता पानी कसं सोडलं? तुमाले कोनं नेमलं?" दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ सुरू व्हायच्या आधी, दलाच्या पोरांनी त्याला मंचावर उभे केले, पाणीचोर म्हणून कान धरायला लावले आणि उठाबशा काढायला लावल्या. सगळी मंडई हसली. वच्छला, तूही हसलीस. मी शेजारीच होतो. तुझ्या हातातला विडा तसाच राहिला होता.

म्हणून पाळीखालची बांधी आणि दांडा ~~पतिराम मडावी यास~~ पत्नी वच्छला हिला. शेवटच्या बांधीवाल्याला विचारल्याशिवाय तुडूम उघडू नये. खाडाखोड माझीच आहे, तिचे कारण खाली.

कलम ५. साक्षीदारांबद्दल. मी निरोप पाठवले. एकाची म्हैस व्यायली. एकाचा जावई आला. एक जण खरे बोलला, "दादा, मले लेकरंबाळं हायेत." शेवटी सुईण धुरपताबाई काठी टेकत आली. म्हणाली, "माह्याजवळून काय नेतीन ते? आन कागद." दुसरा कोणी मिळेना. मग पतिराम दारात उभा राहिला. साकोलीच्या अर्जनविसाने मला बजावले होते की ज्याला काही मिळायचे आहे त्याला साक्षीला घेऊ नका, उद्या कोर्टात सगळा कागदच खोटा म्हणतील. मी त्याला तसे सांगितले.

तो म्हणाला, "मंग खोडा जी माहं नाव. मी आंगठा मारतो."

मी म्हणालो, "अरे, पाळीखालची बांधी आहे. सोन्यासारखी."

"हाय ना. पन कागदच नाई झाला तं मले कोन इचारन?"

मी खोडले. वच्छला उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले आणि निघून गेली. खुशाल तिचा जीव की प्राण. ती त्याला सांगायला गेली असे मला वाटले, आणि आम्ही तिघे दाराकडे पाहत बसलो. ती परत आली तेव्हा पदर खोचलेला होता आणि खांद्यावर दांडा होता.

"काय म्हणाला खुशाल?"

"म्हने, काकी, ठेव तो. मी म्हटलं, मंडईत हासली मी. आता नाई हासत."

"मग?"

"मंग काय? दोन पोरं दारात आडवे होते. सरकले."

ते उद्याही सरकतील की नाही, मला माहीत नाही. वरील सर्व वच्छला आणि दोन्ही साक्षीदार अशा तिघांसमक्ष वाचून दाखवले आणि मग सही केली.

मौजे बेलटोला, ता. १२ डिसेंबर १९५४

सही: गोवर्धन उदाराम लंजे

साक्षीदार: धुरपताबाई, सुईण. डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: पतिराम मडावी, शेवटची बांधी. डाव्या हाताचा अंगठा. अंगठा उठवण्याआधी मी त्याला रीतीप्रमाणे विचारले, आणि तो मोठ्याने "उघडा" म्हणाला.