पाळण्याच्या कडीवरची कुंभारीण

प्रिय राज,

फोनवर आई कायम शेजारी असतात, म्हणून हे पत्र. चंद्रपूरला बदली झाल्यापासून तू रोज बाळाचं विचारतोस आणि मी रोज मजेत म्हणून सांगते. दोन गमावल्यावर यंदा कुठे सातवा लागला. हे बाळ मला हवंय, राज, काहीही झालं तरी.

सोबतच्या पुडीत एक मेलेली माशी आहे. तू लगेच ओळखशील. एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून झुरळ सोडून प्रत्येक किड्याची तू ओळख करून दिलीस. पाहुण्यांना चहाच्या आधी तुझे भुंगेरे बघावे लागायचे! कुंभारीण माशीचं मातीचं घरही तूच फोडून दाखवलंस. आत आठ कोळी होते. मेलेले नाहीत, नुसते सुन्न, पिल्लाला ताजे खायला. काडी लावली की पाय हलवायचे. पुढच्याच आठवड्यात आपलं पहिलं बाळ गेलं. तू योगायोग म्हणालास, मीही म्हणाले.

पण दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. यंदा कुंभारणीने पाळण्याच्या कडीवरच घर बांधलं. मी ते पाडायला गेले, तर आईंनी तिथे झाडूसुद्धा लागू दिला नाही. कुंभारीण आली की पाळणा हलतो, हे त्यांचं शास्त्र. दुपारी ती माती लिंपताना गुणगुणायची, आणि नेमकं तेव्हाच बाळ हलायचं. हसू नकोस.

मग एक दुसरीच आली. निळी-हिरवी, जरीसारखी चकाकणारी. लिंपलेल्या घरावर बसून शेपटाचं टोक मातीत घालत राहिली. "लय देखणी हाय गं, लक्ष्मीच आली," म्हणत आईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. मीही हात जोडले. त्यानंतर कुंभारीण फिरकली नाही. गुणगुण मात्र दुपारी ऐकू यायचीच, बंद मातीच्या आतून.

रविवारी घराला भोक पडलं आणि बाहेर आली ती निळी-हिरवीच. पुडीतली ती हीच, मी झाडूने मारली. मी तुझी वही काढली. तुझ्याच अक्षरात लिहिलंय, ही दुसरीच्या घरात अंडं घालते. हिची अळी तिथलं पिल्लू खाऊन त्याच्या जागी वाढते.

त्या दिवशी बाळ हललं नाही. सोमवारी सकाळीच शहरात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाल्या, ठोके उत्तम आहेत, वाढही छान आहे. आईंनी घरी येऊन नारळ फोडला. तेव्हापासून ते सारखं हलतंय. पण हे हलणं वेगळं आहे, राज. आपलं बाळ असं हलत नव्हतं. मला फार भीती वाटते आणि हे कुणाला सांगता येत नाही. सुट्टी टाक आणि ये. पोटाला हात लाव आणि ओळखून सांग, हे आपलंच आहे ना?

तुझीच,
प्रतिभा