बाबांच्या रायफलीची बैठक

पेल्की, मिशिगन
१९ ऑक्टोबर

प्रिय आर्मास,

तुझं पत्र आणि रायफल, दोन्ही पोचली. इकडे सगळे ठीक. बटाटे काढून झाले, यंदा सुपारीएवढेच आहेत. आयलीला दातांच्या डॉक्टरकडे नोकरी लागली आहे. तेव्हापासून पोरगी बापाशी बोलताना त्याच्या दातांकडेच बघते. माझा उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर होता तसाच आहे. कॉफीचा कप धरतो, त्याहून जड काही धरत नाही.

आता रायफलीचं. दस्ता उघडून पाहिला. तुझं म्हणणं बरोबर आहे, ओल्या हवेनं आतलं लाकूड फुगलंय आणि नळीला एका बाजूनं रेटतंय. गोळी डावीकडे जाते ती त्यामुळे. आतलं थोडं लाकूड कोरून काढायचं, तिथं इपॉक्सी भरायचं आणि वर नळीचं लोखंड दाबून बसवायचं, म्हणजे बैठक पक्की होईल. कोणतं इपॉक्सी, असं तू विचारलंस. पाच मिनिटांत सुकणारं नकोच, ते तुटकी खेळणी जोडायला ठीक. पातळ कानाकोपऱ्यात पोचतं खरं, पण नको तिथंही शिरतं. तुझ्या शेजारच्या वेर्नरच्या दस्त्यावरचा ओघळ आठवतोय ना, मध सांडल्यासारखा? मी पोलादाची पूड घातलेलं घट्ट घेतलं. लोण्यासारखं असतं, लावलं तिथंच राहतं, सावकाश सुकतं आणि सुकताना आक्रसत नाही.

तू लिहिलंयस, "पन्नास वर्षं हलणार नाही असं काम कर आणि मग ती आयलीलाच ठेव." हे वाक्य मी परत परत वाचलं. मी थोरला असून बाबांनी रायफल तुला दिली, आणि तू मला तिला कधी हात लावू दिला नाहीस. आणि आता ती तू तेल लावून, घोंगडीत गुंडाळून, अशी सहज देऊन टाकतोस?

म्हणून रायफल घेऊन आलेल्या वेर्नरला मी बसवून घेतलं. तुझा कुत्रा त्याच्या गाडीत होता.

"मुस्ती तुझ्याकडे कसा काय?"

"आर्मासनं दिला. म्हणाला, सांभाळ."

"किती दिवस?"

"ते काही बोलला नाही बुवा. बोटही दिली मला. मी म्हटलं, अरे, उन्हाळ्यात मासे कशानं धरशील? तर नुसता हसला." वेर्नरनं कप खाली ठेवला. "हरणाचं लायसनही काढलं नाही त्यानं यंदा. तोवर कुणी बघितलंय, म्हणाला."

आर्मास, शिकारीचा पहिला दिवस तू न्यूमोनिया झाला होता तेव्हाही चुकवला नाहीस. तुझ्या हेल्मीनं शिव्या घालत तुझ्या गळ्यात मफलर गुंडाळला होता.

ती वसंतात गेली, तू एकटा उरलास. आम्ही आलो, तिला मातीत ठेवलं, चर्चच्या तळघरात कॉफी प्यालो, खुर्च्या आवरल्या आणि आपापल्या घरी गेलो. आपल्याकडे कुणी कुणाला काही विचारत नाही. माणूस लाकडं फोडताना दिसला की तो बरा आहे असं धरायचं, ही आपली रीत. मला आता या रीतीची चीड येते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून विचारतो. तू मरायचं ठरवलं आहेस का?

लिहिलं एकदाचं. अक्षर वाकडं आलंय, पण हात डावा आहे, त्याला लिहायची सवय नाही.

आता तू चिडशील असं काहीतरी सांगतो. बाबा म्हणायचे, "आधी मेण, मग लुकण, मग कॉफी." लोखंडाला मेण लावलं नाही तर ते लाकडाला जन्माचं चिकटतं. आपल्या भागात बंदुका दुरुस्त करणारा प्रत्येक जण एकदा तरी हे विसरतो आणि मरेपर्यंत चेष्टा ऐकतो. मी विसरलो नाही. मेणाची डबी समोर होती. मी तिचं झाकण घट्ट लावलं आणि ती फडताळात ठेवून दिली. मग लुकण म्हणून ते इपॉक्सी भरलं, आयलीला स्क्रू पिळायला लावले आणि कॉफी प्यालो. ते काम आता सुकलंय, लोखंड लाकडाला चिकटलंय. अशी रायफल कुणाला वारसा म्हणून देता येत नाही.

ती सुटेल. तळघरातल्या फ्रीजरमध्ये ठेवली आहे. पुरती गारठली, लोखंड आक्रसलं, की एकानं नळी दोन्ही हातांनी आवळून धरायची आणि दुसऱ्यानं लाकडी हातोडीनं मारायचं. मारायला मला डावा हात पुरे. धरायला माणूस नाही. आयलीला विचारलं, तर म्हणाली, "मी नाही धरणार. मला ती नकोच. मला काका हवाय, असं लिही त्याला." तिचेच शब्द आहेत, मी काही घातलं नाही.

पहिल्या घावाला निघणार नाही, कदाचित दहाव्यालाही नाही. मग परत फ्रीजरमध्ये, परत बाहेर. सगळा हिवाळा गेला तरी मला चालेल. वरची खोली मोकळी आहे.

झटक्यापासून मला गाडी चालवू देत नाहीत, नाहीतर मीच आलो असतो. पत्र घेऊन वेर्नर आलाय. तू वाचून संपवलंस तरी तो तुझ्या स्वयंपाकघरातून उठणार नाही, तसं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. त्याला हाकलू नकोस. काही बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, फक्त कोट घाल. मुस्ती गाडीत आहे.

वाफेच्या अंघोळीचा सॉना तापवायला घेतोय. मेणाची डबी फडताळातून काढून टेबलावर ठेवली आहे. पुढच्या वेळी मेण तू लाव.

एका हाताचा आणि एकाच भावाचा,
ताउनो